आजोबांची तलवार कबाड्याला देण्याआधी…

तुमच्या घरात तलवार आहे का? हसू नका, खरंच विचारतेय. तलवार नसेल तर कट्यार, गुप्ती, भाल्याचं पातं. नाहीतर गावाकडच्या घरी माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं 'ते काहीतरी', ज्याला लहानपणी कुणी हात लावू दिला नाही.

हा प्रश्न मी आमच्या वर्गात टाकला. आधी सगळे हसले, मग एकेकाला आठवायला लागलं. एकाच्या आजोळी, उमरेडच्या पुढे, देवघराच्या मागच्या भिंतीला एक टांगलेली आहे. एकीच्या मोठ्या काकांकडे भंडाऱ्याला दोन होत्या, आता एकच दिसते. आणि मागच्या बाकावरून एक मित्र म्हणाला, "आमच्याकडे होती ना बे. जुनं घर पाडलं तेव्हा कबाड्यानं नेली. दरवाजाच्या कड्या, जुन्या बादल्या, सगळं संगच. किलोवर."

किलोवर!

आता दुसऱ्या एका तलवारीचा हिशोब बघा. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोथबीज या लिलाव कंपनीत ती विक्रीला आली आणि महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत विकत घेतली. बोलीची रक्कम, वाहतूक, विमा असं सगळं धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनला जाऊन तिचा ताबा घेतला आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली. ही तलवार आपल्या शहराची. नागपूरकर भोसल्यांचं राज्य ज्यांनी उभं केलं, त्या पहिल्या रघुजीराजांची. मी नंदनवनात राहते. आमच्याकडून सक्करदऱ्याकडे निघालं की राजे रघुजीनगर लागतं. रोज ऑटोवाल्याला आपण हे नाव सांगतो, पण त्या नावाची तलवार लंडनमध्ये आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं?

बातमी वाचून तुम्हाला भारी वाटलं असेल. मलाही वाटलं. सरकारनं ती घेतली हे बरंच केलं, नाहीतर कुणाच्या तरी खासगी कपाटात जाऊन बसली असती आणि पुढची पन्नास वर्षं कुणाला दिसली नसती. पण माझं डोकं अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. एका तलवारीला ४७ लाख आणि दुसरीला भंगाराचा भाव, असं का? पोलादात एवढा फरक असतो का?

नसतो. निदान एवढा तर नाहीच.

रघुजीराजांच्या तलवारीला 'फिरंग' म्हणतात. फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेलं पातं. सतराव्या-अठराव्या शतकात जर्मनी, इटली, स्पेनमध्ये बनलेली पाती जहाजानं आपल्या किनाऱ्यावर यायची, दख्खनमधले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवायचे आणि तलवार तयार व्हायची. म्हणजे पातं परदेशी, मूठ इथली, चालवणारा हात मराठी. आपण ज्याला शंभर टक्के 'आपलं' म्हणतो त्यातला अर्धा माल आयात केलेला! अशा फिरंगा त्या काळात मराठे, राजपूत, मोगल सगळेच वापरत होते. आजही जगभरातल्या संग्रहालयांत आणि लिलावांत त्या सापडतात.

मग या एका फिरंगेत वेगळं काय? पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत कोरलेली अक्षरं : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. बस, एवढंच. 'सेनासाहेब सुभा' हा रघुजींना शाहू महाराजांकडून मिळालेला किताब, त्यामुळे हे कोणते रघोजी याचाही अंदाज बांधता येतो. मराठी शस्त्रांवर अशी मालकाची नावं फार क्वचित दिसतात. ती पाच-सहा शब्दांची ओळ पुसून टाका, तलवार तीच राहील, तेवढीच लांब, तेवढीच जुनी. पण मग ती 'एक जुनी फिरंग' होईल. सरकार लंडनला जाणार नाही, विमानतळावर स्वागत होणार नाही.

म्हणजे पैसे पोलादाचे नव्हतेच. ती कुणाची हे सांगणाऱ्या एका ओळीचे होते.

हे एकदा लक्षात आलं की सगळा खेळ वेगळा दिसायला लागतो. कारण रघुजीराजांच्या फौजेत तलवारी काय एकच होती? १७४० च्या दशकात नागपूरची घोडदळं थेट बंगालपर्यंत धडकत होती. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह होऊन ओडिशा नागपूरकरांकडे आला. त्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार. ज्याला दोन्ही सरकारातून मिळायचं तो बारगीर. बंगाली लोकांनी या 'बारगीर'चं 'बर्गी' केलं. तिकडे लहान मुलांना झोपवायच्या एका जुन्या गाण्यात आजही बर्गी येतात. भीती घालायला! गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यातही या स्वाऱ्यांनी गावोगाव काय हाल केले त्याचं वर्णन आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात जी शौर्यगाथा, ती कोलकात्याच्या एखाद्या आजीच्या तोंडी बागुलबुवाची गोष्ट असते. दोन्ही एकाच तलवारीच्या गोष्टी आहेत. तलवार बघताना दोन्ही आठवाव्यात, असं माझं मत. पटत नसेल तर भांडा, पण कोलकात्याच्या मित्राला फोन करून मग भांडा.

मुद्दा बारगिराचा. त्याच्या तलवारीवर सोन्याची अक्षरं नव्हती. त्याचं नाव कुठे कोरलं गेलं नाही. अशा शेकडो साध्या, बिननावाच्या तलवारी विदर्भातल्या घराघरांत राहिल्या, पिढ्यांमागून पिढ्या खाली उतरल्या. तुमच्या माळ्यावर जी असेल ती बहुतेक यातलीच कुणाची तरी असेल. नाहीतर एखाद्या गोंड जमीनदाराच्या शिपायाची, पाटलाच्या रखवालदाराची. तिला ओळख देणारी अक्षरं नाहीत. ओळख आहे ती फक्त तुमच्या आजीच्या, आजोबांच्या डोक्यात. "हे बापूंच्या बापानं आणलं होतं" एवढंच वाक्य. आजी गेली की ते वाक्य जातं. त्यानंतर ते लोखंड होतं आणि मग कबाडी येतो.

त्यातूनही इतक्या तलवारी उरल्या हेच नवल आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचं स्वातंत्र्य जवळपास संपलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, त्यांना मुलगा नव्हता. पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातले दागदागिने, हत्ती, घोडे लिलावात विकून टाकले. रघुजीराजांची तलवार याच उलथापालथीत, लुटीतून किंवा इंग्रजांना दिलेल्या भेटीतून बाहेर गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग १८५७ चा उठाव झाला आणि इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घेतली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि भारतीय माणसाला हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा झाला. खूप हत्यारं मोडीत निघाली, वितळवली गेली. काही लोकांनी विहिरीत टाकली, काहींनी भिंतीत चिणली, असं गावोगावी सांगतात.

आणि गंमत बघा. १८८० मध्ये लंडनमध्ये एगर्टन नावाच्या एका इंग्रज संग्राहकानं भारतीय शस्त्रांची सचित्र माहितीपुस्तिका काढली. कोणतं हत्यार, कोणत्या प्रांतातलं, कशाचं, किती लांब, सगळं व्यवस्थित नोंदवून. आजही जगभरातले संग्राहक ती चाळतात. म्हणजे एकीकडे ते आपली हत्यारं मोडीत काढत होते आणि दुसरीकडे उरलेल्यांना क्रमांक लावून नोंदी करत होते. राग येतो ना? मलाही येतो. पण दीडशे वर्षांनी आपण आपल्याच घरातल्या तलवारीची साधी चार ओळींची नोंद केलेली नाही, याचा राग कुणावर काढायचा?

नोंद नसली की काय होतं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये ती मुदतीच्या करारावर महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्यात होती, मग २०२५ मध्ये आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात. तुमच्यापैकी बरेच जण रांगेत उभे राहून बघून आले असतील. शिवरायांनी अफझलखानाला मारलं ते १६५९ मध्ये. ही वाघनखं ज्याच्याकडे होती तो ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधली दीडशेहून जास्त वर्षं ती कुणाकडे होती, याचा सलग पुरावा नाही. डबीवर मजकूर आहे, पण डबी स्कॉटलंडमध्ये नंतर बनवलेली. म्हणून ते संग्रहालय स्वतःच सांगतं, की हीच ती वाघनखं असं खात्रीनं म्हणता येत नाही. यावरून आपल्याकडे केवढा वाद झाला! टीव्हीवर आरडाओरडा, सोशल मीडियावर शिव्या. मला विचाराल तर यात अपमान कुणाचाच नाही. संग्रहालयानं प्रामाणिक पाटी लावली, इतिहासकारांनी पुरावा मागितला. दोघांनी आपापलं काम केलं. साखळीतली एक कडी तुटली की कितीही प्रेम असलं तरी ती जोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं आपल्या वयाच्या लोकांना का सांगायचं? कारण सध्या तलवारीची क्रेझ आपल्याच वयात आहे. फक्त ती भलत्याच दिशेनं चालली आहे. चौकात बाईकच्या सीटवर केक ठेवायचा, भल्यामोठ्या तलवारीनं कापायचा, मागे गाणं, रील अपलोड. दोन दिवसांनी त्याच पोट्ट्यांचा पोलिसांसमोर हात जोडून उभं असलेला दुसरा व्हिडिओ येतो. त्याला व्ह्यूज जास्त! या तलवारी जुन्या नसतात हो. पत्र्याला पॉलिश केलेला, मखमली म्यानातला नवा माल असतो. २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंचा साठा पोलिसांनी पकडला होता. मागवणाऱ्यांत तरुण पोरंच जास्त असतात, हे वेगळं सांगायला नको.

कायदा एकदा नीट समजून घ्या, कारण 'शोपीस आहे' म्हटलं की चालतं असा गैरसमज खूप आहे. शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले येतात आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची इतर धारदार हत्यारंही येतात. घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेली अवजारं यातून सोडली आहेत. सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागात अशी हत्यारं बाळगायला परवाना लागतो. पेपरात आपण रोज वाचतो ते 'कलम ४ सह २५' हेच. त्यात पोलीस आयुक्तांचा मनाईहुकूम असेल तर रस्त्यावर हत्यार घेऊन फिरणं हा महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली वेगळा गुन्हा. नंदनवन पोलीस ठाण्यात जाऊन 'सर, बर्थडे होता' हे कारण सांगून बघा. नको, राहू द्या. एकदा गुन्हा नोंदला गेला की पासपोर्टपासून सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीपर्यंत तो तुमच्या मागे येतो. आणि हो, वडिलोपार्जित तलवार घरात असेल तर घाबरून ती नाल्यात फेकायची नाही. मोठ्यांना सोबत घेऊन, शहरात पोलीस आयुक्त कार्यालयात किंवा जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याबद्दल विचारायचं.

दुसरा कायदा आपल्याकडे जवळपास कुणालाच माहीत नसतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे कुणी इन्स्टावर 'अ‍ॅन्टिक तलवार, सीरियस बायर्स ओन्ली' लिहून मेसेज टाकायला लावत असेल, तर दोनच शक्यता असतात. माल खरा असेल तर विकणाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. आणि माल खोटा असेल, जो बहुतेक वेळा असतोच, तर तुमचे पैसे गेले.

खोटा कसा असतो? नवं पातं आम्लात बुडवून, मातीत पुरून 'जुनं' करता येतं. एका तलवारीची मूठ दुसऱ्या पात्याला बसवता येते. युरोपातल्या नावाजलेल्या पात्यांवरच्या खुणा तर भारतात त्या काळातच नकलून मारल्या जायच्या, कारण ब्रँडची कॉपी ही काही आजची गोष्ट नाही! पण मला जास्त भीती वाटते ती वेगळीच. नावाच्या एका ओळीला ४७ लाख मिळतात हे आता सगळ्या बाजाराला कळलंय. उद्या बऱ्याच साध्या तलवारींवर अचानक 'श्रीमंत' आणि 'सरदार' उमटायला लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. अशानं खोटी तलवार खरी होत नाही, पण खऱ्या साध्या तलवारीचं कायमचं वाटोळं होतं.

जुन्या वस्तू जमवणारे सगळेच लबाड असतात असं मात्र मी म्हणत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांचं संग्रहालय बघा. या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, वाद्यं, शस्त्रं जमवली, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि शेवटी सगळं सरकारला देऊन टाकलं. त्यांनी जमवलं नसतं तर त्यातलं अर्धं तरी भंगारातच गेलं असतं. जमवण्याला माझा विरोध नाही. नुसतं 'माझ्याकडे आहे' म्हणण्यासाठी जमवण्याला आहे.

आणि केळकरांकडूनच आपल्याला एक सोपा रस्ता मिळतो. जमवायचंच असेल तर तलवारीपासून सुरुवात कशाला? अडकित्त्यापासून करा! परवाना नको, पोलीस नको, लाखो रुपये नकोत. पक्ष्याच्या, घोड्याच्या, बाईच्या आकाराचे पितळी अडकित्ते आपल्या आज्यांच्या पानपुड्यात असायचेच. विळीला आपल्याकडे पावशी म्हणतात, तिचे आकार गावागावांत वेगळे. धान कापायचा विळा वेगळा, बांबू चिरायची सुरी वेगळी. पूर्व विदर्भात तर बांबूकाम करणाऱ्यांच्या हत्यारांचा एक अख्खा अभ्यास होईल. ती गावातल्या लोहारानं बनवलेली असतात आणि तो लोहार अजून जिवंत असण्याची शक्यता असते! त्याला विचारता येतं, की हे पातं असं का वाकवलं. रघुजीराजांच्या फिरंगेचा कारागीर आता आपल्याला काही सांगू शकत नाही.

"हे सगळं करून काय भेटते?" असं तुम्ही विचारणार, माहितीय. इतिहास, पुरातत्त्व, मास कॉम, फोटोग्राफी, आर्किटेक्चर, यातलं काहीही शिकत असाल तर प्रोजेक्टसाठी याहून ओरिजिनल विषय मिळणार नाही, हे एक. आणि दुसरं, तुमच्या आजीशी बोलायला तुमच्याकडे एक कारण मिळतं. वर्षभर 'जेवलीस का' यापलीकडे आपलं बोलणं जात नाही. तलवारीचा विषय काढा आणि बघा ती किती बोलते ते.

करायचं काय ते सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. घरोघरी शस्त्रांची, अवजारांची पूजा होते. आता आपण पाना, स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप आणि अ‍ॅक्टिव्हाला हार घालतो, पण ज्या घरात जुनं हत्यार आहे तिथे ते त्या दिवशी हमखास बाहेर निघतं. हाच दिवस पकडा. मोबाइल तर हातात असतोच. पांढऱ्या चादरीवर ठेवून पूर्ण फोटो, दोन्ही बाजूंनी. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे लांबी कळेल. मग मूठ जवळून, पात्याचा मुठीकडचा भाग जवळून. खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाकून बघा, झिजलेली अक्षरं किंवा ठसे असेच दिसतात. देवनागरी असेल, मोडी असेल, फारसी असेल. वाचता आलं नाही तरी फोटो घ्या, वाचणारा भेटतो.

मग रेकॉर्डर सुरू करून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. कुणाची, कोणत्या गावची, कुणाकडून कुणाकडे आली. जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं लिहा आणि जे ऐकलं त्यापुढे 'असं सांगतात' असं लिहा. पणजोबा थेट भोसल्यांच्या दरबारात होते असं काका ठणकावून सांगतील. लिहून घ्या, पण त्या दोन शब्दांसह. वाघनखांच्या डबीवर हे दोन शब्द असते तर किती भांडण वाचलं असतं! नोंद घरातल्या सगळ्यांच्या मेलवर ठेवा. पण फोटो आणि पत्ता सोशल मीडियावर टाकू नका. चोरही रील बघतात.

सांभाळता येत नसेल आणि घरात कुणाला नको असेल तर अजब बंगल्यात जाऊन विचारा. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, शस्त्रांचं दालन आहे. आपण शाळेच्या सहलीला दुसरंच काहीतरी शोधत तिथे धावलेलो असतो, शस्त्रांच्या कपाटासमोर कुणी थांबत नाही. एकदा फक्त मुठी बघत फिरा. दोन तास जातात.

आणि पूजेआधी एक काम करा, घरच्यांना थांबवा. दरवर्षी हौसेनं त्या पात्याला लिंबू, चिंच, पितांबरी, नाहीतर सरळ घासकागद लागतो. जुन्या काही पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते, मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या आतच असते. असं पोलाद आपल्या शेजारी, तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रमला बनायचं आणि तिथून इराणपर्यंत जायचं. धार लावणाऱ्याच्या चाकावर ते पातं पाच मिनिटं धरलं की ती नक्षी गेली. अक्षरं असतील तर तीही गेली. काळसर झालेला रंग घाण नसतो, तो राहू द्या. भुरभुरणारा लाल गंज असेल तर मऊ कापडाला मशीनचं पातळ तेल लावून हलकेच पुसा, हातात मोजे घालून, कारण घामातल्या मिठानं नव्यानं गंज धरतो. पातं म्यानात अडकलं असेल तर जोर लावून उपसू नका. आत लाकूड आणि लोखंड एकमेकांना धरून बसलेलं असतं, ओढलं की म्यान फाटतं आणि बोटंही कापतात. तसंच राहू द्या, फोटो म्यानासकट काढा आणि वर लिहा : पातं पाहिलेलं नाही.